चमक विझली, पण वीज?

आज दिवसभर सेंद्रिय सौरघटासाठी पी३एचटी-पीसीबीएमचे थर. पी३एचटी म्हणजे प्रकाश शोषणारा पॉलिमर, पीसीबीएम म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारं फुलरीन, कार्बनच्या पोकळ गोळ्याचा रेणू. दोन्ही समान वजनात, क्लोरोबेंझिनमध्ये प्रत्येकी २० मिलिग्रॅम प्रति मिली. नुसता पी३एचटी हिरव्या लेझरखाली लालसर चमकतो. पीसीबीएम मिसळलं की चमक जवळजवळ जातेच, कारण उत्तेजित इलेक्ट्रॉन पिकोसेकंदाच्या आत फुलरीनकडे जातो. १९९२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर यांच्या गटानं दुसऱ्या पॉलिमरवर दाखवलेलं हेच. दर वेळी तितकंच सुंदर वाटतं!

पण चमक विझली म्हणजे वीज मिळाली असं नाही. सुटलेल्या प्रभारांना बाहेर पडायला वाट हवी, म्हणून थरातले रेणू नीट रचले जावेत यासाठी नायट्रोजनमध्ये १४० अंशांवर १० मिनिटं तापवायचं. फार वेळ ठेवलं की पीसीबीएमचे मोठे स्फटिक होतात. एक्सिटॉनची (प्रकाशानं उत्तेजित इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांच्या जोडीची) धाव साधारण १० नॅनोमीटर. दोन पदार्थांमधली सीमा गाठण्याआधीच तो संपतो, आणि चमक परत दिसू लागते.