गढूळ फ्लास्क

गणेश चवथीच्या आदल्या संध्याकाळी गोव्यात, कवळ्याला, आम्ही माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळाफुलांचं छत, बांधत होतो, तेवढ्यात लंडनच्या माझ्या लॅबमधून फोटो आला. चपट्या फ्लास्कमध्ये गुलाबी पाणी, खाली मजकूर: 'तुझी पोरं जेवली.' मावशीनं डोकावून विचारलं, ''कसलं सरबत रे ते?''

सरबत कुठलं! लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या पेशी. आम्ही त्या पाळतो. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या, दोन-तीन दिवसांनी ताजा मीडिया, म्हणजे त्यांचं पातळ खाद्य, द्यायचा. मीडिया गुलाबी असतो. पेशी माजल्या की आंबतो आणि पिवळा पडतो. गोठ्यातल्या गायीला जशी सुट्टी नसते, तशी यांनाही नाही. म्हणून फ्रीजच्या दारावर शनिवार-रविवारच्या पाळ्यांचा कागद असतो, आणि लॅबमधली खरी भांडणं त्याच कागदावरून होतात.

माझी पाळी घेतली ती आमच्या टेक्निशियनबाईंनी. साठीला आल्यात. आम्ही पीएच.डी.वाले तीन-चार वर्षांचे पाहुणे. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजन टाकीत कुठल्या डब्यात काय गोठवलंय, हे त्यांनाच ठाऊक. बाकी आकडेमोड करणारा एक अबोल मुलगा आहे, आणि दुपारी हॉस्पिटलमधून येऊन काचपट्ट्या बघणारे पॅथॉलॉजिस्ट. बॉस दिसतात ते बहुतेक ग्रँटचा अर्ज भरताना.

पहिल्याच हिवाळ्यात माझा एक फ्लास्क गढूळ झाला. गढूळ म्हणजे बॅक्टेरिया शिरले. ब्लीच ओतायचं आणि मोकळं व्हायचं. मी बाटली उचललीही होती. बाईंनी ती हातातून काढून घेतली. ''आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघ.'' बघितलं. बॅक्टेरियाच होते, चूकही माझीच. पण मग चहा घेताना त्यांनी सांगितलं, की असंच एक गढूळ पाणी फेकलं गेलं असतं तर काय झालं असतं.

डिसेंबर १९६३. युगांडातल्या मुलीच्या जबड्याच्या गाठीचा तुकडा विमानानं लंडनला निघाला. धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरवलं. नमुना उशिरा पोचला, तोही गढूळ. तिथले संशोधक एपस्टाईन यांनी फेकण्याआधी थेंबभर पाहिला, तर गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या! त्या वाढवल्या, आणि १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांच्यात विषाणू दिसला. माणसाच्या कॅन्सरशी नातं जुळलेला हा पहिलाच विषाणू. शोधनिबंधावर नावं तीन: एपस्टाईन, अकाँग, बार. विषाणूच्या नावात दोनच उरली: एपस्टाईन-बार. त्रिनिदादचा अकाँग गळाला. पेशी जगवण्यात जिचा हात होता ती इव्हॉन बार लग्नानंतर ऑस्ट्रेलियाला गेली आणि शाळेत गणित-विज्ञान शिकवू लागली. हे सांगताना बाईंनी बिस्कीट जरा जोरातच मोडलं.

मावशीला यातलं एकच रुतलं. फोटोतल्या फ्लास्कवर लिहिलं होतं 'राजी'. १९६३ मध्येच नायजेरियातल्या ११ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून घेतलेल्या या पेशी जगभरच्या लॅबमध्ये आजही वाढतायत. मावशी सुपारीचा घोस बांधता बांधता म्हणाली, ''राजी? त्याला विचारलं होतं का कोणी?''

मी दोरी ओढून धरली.

बाईंसाठी नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा भरलाय. बदल्यात नाताळची पाळी माझी. गोव्यात शेजाऱ्यांचं जसं चालतं, चवथीला नेवऱ्या इकडून आणि नाताळला कुसवार, म्हणजे त्यांचा फराळ, तिकडून, तसंच.