कणकुंबी-चोर्ल्याकडे रात्रीचे बेडूक-साप बघायला जाताय? मग एवढं वाचून जावा की

पाऊस नीट लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा पश्चिमेकडचा पट्टा, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, रात्रीचा नुसता ओरडत असतो. यंदा एका संशोधक मैत्रिणीच्या टीमबरोबर जाऊन आलो, परमिट तिच्या नावावर आणि मी टॉर्च धरायला, वही लिहायला.

पहिली गोष्ट परमिटचीच. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय रात्रीचं फिरणं विसराच. आणि बाहेर असलात तरी वन्यजीव कायदा सगळीकडे लागू आहे, रस्त्याकडेला उभं राहून फोटो काढणं वेगळं आणि साप पकडून पिशवीत घालणं वेगळं. त्यात ही तीन राज्यांची हद्द, ओढा ओलांडला की गोवा, जरा वर सरकलं की चंदगड, म्हणजे महाराष्ट्र. कर्नाटकचं परमिट तिकडं चालत नाही. जंगल खात्याचा माणूस बरोबर असला तर सगळ्यात बरं, त्याला वाटाही माहीत असतात.

जायचं तर जूनच्या मधल्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. नंतर इतका कोसळतो की हेडटॉर्चच्या उजेडात पावसाच्या रेघाच दिसतात फक्त. गमबूट घ्या, जळवांसाठी लांब मोजे आणि तंबाखूची पुडी, पण एक करा, बेडकाला हात लावणाऱ्यानं तंबाखू, ओडोमॉस, सॅनिटायझर काहीच हाताला लावायचं नाही. बेडूक कातडीतनं सगळं शोषून घेतो, ते त्याला मारक ठरू शकतं. हात पाण्यानं ओले करायचे नाहीतर पावडर नसलेले ग्लोव्हज, आणि प्रत्येक बेडकाला नवीन.

पहिल्याच रात्री रस्त्याकडेच्या डबक्यावर वाकलेल्या फांदीला फेसाचं घरटं लटकलेलं दिसलं, मुठीएवढं, वरनं सुकत आलेलं. मलबारी उडत्या बेडकाचं. पिल्लं त्यातनं सुटून थेट खाली पाण्यात पडतात. त्याच झुडपात टिकटिक करणारा झुडपी बेडूक मात्र पाण्याकडे जातच नाही, त्याचं अख्खं बालपण अंड्यातच उरकतं आणि बाहेर पडतो तो इवलासा पण पूर्ण बेडूक. या गटातल्या एकाचं नाव राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस, म्हणजे मुंबईचा, पण १९१९ साली त्याचं वर्णन झालं ते इथनं जवळच्या कॅसलरॉकच्या नमुन्यावरनं, कारण तेव्हा कॅसलरॉक मुंबई इलाख्यात होतं. म्हणून वहीत जागा लिहिताना गाव, तालुका, राज्य आणि जीपीएस चारही लिहा, नकाशे बदलत राहतात.

ओळखण्याची पद्धत मैत्रिणीनं चांगली लावून दिली, नाव शेवटी. आधी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड, मग फोटो: वरनं, बाजूनं, पोट, मांडीची आतली बाजू, बोटांच्या टोकाच्या चकत्या, बोटांमधलं पातळ कातडं कुठपर्यंत आलंय ते. मग व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या सरकपट्टीनं, नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत लांबी. एक झुडपी बेडूक पिशवीत ठेवला तेव्हा पिवळसर होता आणि दहा मिनिटांत मातकट तपकिरी झाला, त्यामुळे नुसत्या रंगावर नाव ठोकून देणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही. बेडूक फॉर्मेलिन-अल्कोहोलमध्ये गेला की तर रंग उडतोच, म्हणून जिवंत असतानाची नोंद महत्त्वाची. मारून ठेवणं खरंच गरजेचं असेल, परमिटमध्ये तसं लिहिलेलं असेल आणि नमुना शेवटी पुण्याच्या झेडएसआयसारख्या (भारतीय प्राणी सर्वेक्षण) संग्रहात जाणार असेल तरच. हौशी माणसानं बाटल्या भरायचं काहीच कारण नाही.

दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा. आम्हाला एकाखाली देवगांडूळ मिळालं, म्हणजे बेडकांच्या नात्यातला बिनपायाचा उभयचर. गांडूळच वाटतं, पण त्याला चक्क जबडा आणि दात असतात. आंबोलीवरनं २००३ मध्ये एक जात नवीन म्हणून नोंदली गेलीय, त्यामुळे या डोंगरात असं काही दिसलं की फोटो काढल्याशिवाय हलू नका.

सापांचं म्हणाल तर हाताच्या उंचीवरची पानं आधी बघा आणि मगच फांदी धरा. मलबारी चापडा हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळाही असतो, आणि तसूभर हलत नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी, चापड्यावर त्याचा भरवसा धरू नका. काही झालं तर मंत्र-पाला न करता थेट बेळगाव.

एका घरात ‘मण्यार हाय, या की लवकर’ म्हणून बोलावलं, निघाला बिनविषारी कवड्या. लांबनंच बघायचं: कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासनं चालू होतात आणि शेपटीकडं विरत जातात, मण्यारीचे डोक्यापासनं जरा मागं चालू होऊन शेपटीकडं ठळक, बहुतेकदा जोडीजोडीनं. पाठीच्या मधल्या ओळीचे खवले मोठे आणि षटकोनी असतील तर मण्यार. शंका आली तर मण्यारच समजायची आणि सर्पमित्राला फोन लावायचा. त्या घरच्या आजीला काय पटलं नाही, ‘पट्टं हाईत म्हणजे मण्यारच’ म्हणून ती आत निघून गेली.

येताना कणकुंबीच्या चेकपोस्टला गाड्या तपासतात, गोव्याच्या दारूसाठी. डिकीत अल्कोहोलच्या बाटल्या असतील तर लेबल लावून ठेवा आणि परमिटची झेरॉक्स वरच्या खिशात, नाहीतर त्या बाटलीत बेडूक का आहे हे समजावत पावसात उभं राहावं लागतंय.