कोपेलाची गाठ

सावंतवाडीहून पहाटेच्या एसटीने निघाले तेव्हा बांद्यापर्यंत पाऊस काचेवर नुसता ओतत होता. जूनची २४ तारीख, गोव्यातल्या सांजांवचा दिवस. पत्रादेवीचा नाका, म्हापसा, तिथून दुसरी बस. शिवोलीत उतरले तोवर छत्री उघडण्यात काही अर्थ उरला नव्हता. मैत्रिणीचं घर शेताच्या कडेला. तिची आई, आम्ही सगळ्या जिला आंटी म्हणतो, पडवीत पाट टाकून बसली होती आणि तिच्यासमोर अर्धं रान येऊन पडलं होतं.

तांबडी जास्वंद, पेंडगुळाचे झुबके, अलमांडाची पिवळीधमक फुलं, क्रोटनची ठिपक्यांची पानं आणि टोपलीभर नेचे. पावसाला सुरुवात झाली की चिऱ्याच्या गडग्यांवर हे नेचे आपोआप उगवतात. आमच्या वाडीतही उगवतात, पण त्यांना कुणी घरात आणत नाही. इथे त्यांना वर्षातून एक दिवस डोक्यावर घेतात.

सांजांव म्हणजे सेंट जॉन द बाप्टिस्टचा जन्मदिवस, नाताळच्या साधारण सहा महिने आधीचा. मेरी भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने, म्हणजे याच जॉनने, आनंदाने उडी मारली, अशी कथा ल्यूकच्या शुभवर्तमानात आहे. म्हणून या दिवशी गोव्यातले ख्रिस्ती लोक विहिरीत, तळ्यात, नदीत उड्या मारतात. नव्या जावयाला तर या दिवशी केवढा मान! सासूकडून फळांची भेट येते आणि वाड्यावरची पोरं त्याला घेऊन विहीर गाठतात. उडी मारणाऱ्याच्या डोक्यावर पानाफुलांचा जो मुकुट असतो, ते कोपेल. हा शब्द पोर्तुगीज ‘कापेला’वरून आलेला. मराठीत गळ्यात घालायचा तो हार, केसांत माळायची ती वेणी, कपाळावर बांधायच्या त्या मुंडावळ्या, आणि हुतात्म्याला वाहायचं ते पुष्पचक्र. रोजच्या माणसाने सणाच्या आनंदात डोक्यावर ठेवायच्या फुलांच्या गोलाला मात्र आपल्याकडे सुटसुटीत शब्द नाही, हे मला त्या पडवीत बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

“हंगा बस,” आंटी म्हणाली आणि एक हिरवा वेल माझ्या डोक्याभोवती फिरवून, दोन भुवयांच्या मधोमध आणून नखाने खूण केली. कोपेल असं बनतं, ज्याचं त्याच्या मापाने. सैल झालं तर पाण्यात सुटतं, घट्ट झालं तर कपाळ दुखतं. मग तोच वेल स्वतःभोवती तीनदा पिळायचा. वेल नुसताच राहिला तर लोंबतो, म्हणून पिळाच्या आत माडाचा एक हीर सरकवायचा. बांधायला केळीचं सोपट, तेही पाण्यात भिजवलेलं. वाळलेलं सोपट तुटतं, ओलं हवं तसं वळतं. आधी नेचे लावायचे, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला, प्रत्येक नव्या नेच्याने आधीच्याचं देठ झाकायचं. मग फुलं. देठ दोन बोटं ठेवूनच खुडायचं, त्याहून आखूड असेल तर सोपटाची पकड बसत नाही.

माझं पहिलं कोपेल आंटीने न बोलता उसवलं. फुलं समोर दाटली होती आणि मागची बाजू उघडी पडली होती. दुसरं उसवलं नाही, फक्त हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाली, “गांठ फाटल्यान आसूंक जाय.” गाठ मागे हवी. पाण्यात डोकं आपटतं तेव्हा ती कपाळावर असली तर रुतते, एवढं साधं कारण. तिने दुपारपर्यंत चौदा कोपेलं केली, घरच्यांची, शेजारच्यांची आणि दोन वाटेवरच्या क्रुसासाठी.

दुपारनंतर घुमट वाजायला लागले. मातीच्या या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपड कायद्याने संरक्षित झाल्यावर बकरीचं कातडं आलं, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. जोडीला कासाळें, म्हणजे झांजा. शिवोलीच्या पाण्यावर सजवलेल्या होड्या आल्या. ही परंपरा दीडशे वर्षांहून जुनी असल्याचं सगळे सांगतात. काठावर इतकी गर्दी होती की मला होड्यांपेक्षा छत्र्याच जास्त दिसल्या.

मला विहिरीबद्दल लिहायचं आहे. “वीवा सांजांव!” म्हणत पोरं उड्या मारत होती आणि दर उडीला एखादं कोपेल सुटून पाण्यावर तरंगत होतं. संध्याकाळी मैत्रिणीच्या भावाने झोळी टाकून ती सगळी बाहेर काढली आणि माडाच्या बुंध्याशी टाकली. पानांची कोपेलं तिथेच कुजणार. पण त्यांतली पाच-सहा प्लास्टिकच्या फुलांची होती, आत लोखंडी तार असलेली, बाजारातून आयती आणलेली. ती माडाखाली टाकता येईनात. एका पोराच्या कानामागे त्या तारेने ओरखडा उठला होता. मला खरोखर वाईट वाटलं. आदल्या दिवशी गडग्यावरून खुडून आणता येईल अशी गोष्ट आपण कारखान्यातून का आणावी? जूनमध्ये या गावात फुकट मिळणाऱ्या गोष्टींत हिरवा रंग पहिला आहे.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मी पुन्हा शिवोलीला गेले. हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. दफनभूमीतल्या कबरी चुना लावून पांढऱ्या केल्या होत्या, मेणबत्त्या लागल्या होत्या, आणि हवेत मेण आणि झेंडूचा एकत्र वास होता. आंटी सकाळी त्याच पडवीत, त्याच पाटावर बसली होती. वेलाच्या जागी आता भाताचा पेंढा होता, कारण कापणी नुकतीच झाली होती. पेंढा पिळून तिने गोल केला, वर सोपट गुंडाळलं आणि झेंडू, शेवंती एकेक करून बसवत गेली. हात तेच, देठ तेच दोन बोटांचं.

दफनभूमीत बहुतेकांनी मोठी, टोपलीच्या तोंडाएवढी पुष्पचक्रं आणली होती. आंटीचं मात्र लहानसंच होतं. मला वाटलं, पेंढा कमी पडला असेल. ती नवऱ्याच्या कबरीपाशी गेली, चुन्याने हात पांढरे करत क्रुसाची आडवी पट्टी पुसली, आणि ते वर्तुळ क्रुसाच्या माथ्यावरून खाली घातलं. एखाद्याच्या डोक्यावर घालावं तसं ते बरोबर बसलं. “एकेचाळीस वर्सां म्हाका हेंच माप,” ती म्हणाली. मग तिने ते थोडं फिरवलं आणि गाठ मागच्या बाजूला नेली.