कॅमेऱ्याच्या आधी कागद

कोल्हापुरात खरी कॉर्नरवरून जाताना कॅमेऱ्याचे स्मारक दिसते. बाबूराव पेंटरांनी याच शहरात स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, ही गोष्ट प्रत्येक कोल्हापूरकर अभिमानाने सांगतो आणि ती सांगितलीच पाहिजे. मात्र आपल्या शहराचा चित्रपटाचा इतिहास आपण ज्या रीतीने सांगतो, त्यात मला एक उणीव सतत जाणवते. त्यात कॅमेरा येतो, स्टुडिओ येतात, दिग्दर्शक येतात, नट-नट्या येतात. पण हे सारे ज्यांनी आधी कागदावर उभे केले त्या लेखकांची नावे अगदी शेवटी, घाईने उरकली जातात. माझे मत असे आहे की कोल्हापूरच्या चित्रपटाचा मोठेपणा यंत्राइतकाच, किंबहुना त्याहून काकणभर अधिक, लेखनाचा आहे. आणि आज मालिका किंवा चित्रपट पाहताना जो पोकळपणा जाणवतो, त्याचे मूळही बहुतेक वेळा लेखनातच सापडते.

लेखन म्हणजे संवाद, असा एक समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. टाळ्या संवादांना पडतात, त्यामुळे तो स्वाभाविकही आहे. पण १९२५ चा ‘सावकारी पाश’ हा मूकपट होता. त्यात एकही शब्द ऐकू येत नव्हता, आणि तरीही तो आधी लिहिलेला चित्रपट होता, कारण त्याची कथा नारायण हरी आपटे यांची होती. सावकाराच्या कर्जात अडकलेला शेतकरी जमीन गमावतो आणि पोट भरण्यासाठी शहरातल्या गिरणीची वाट धरतो, एवढाच तिचा गाभा. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथांनी भरलेल्या त्या काळात एका कर्जबाजारी कुणब्याचे दुःख पडद्यावर येण्यास पात्र आहे, हा निर्णय मुळात लेखनाचा निर्णय होता. कोणाची गोष्ट सांगायची, ती कोठे सुरू करायची आणि कोठे सोडायची, हे ठरले की बोलायला शब्द नसले तरी चित्रपट बोलतो. बाबूरावांनी १९३६ मध्ये हीच कथा बोलपटाच्या रूपात पुन्हा केली, यावरूनही त्या कथेत किती बळ होते ते दिसते.

याच आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून १९३७ मध्ये ‘कुंकू’ निघाला. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, त्यामुळे ‘कुंकू’ पुण्यात घडला. पण त्याची मुळे या मातीत होती, असे म्हणण्यास हरकत नसावी. मामाने पैशासाठी एका वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मनाने स्वीकारण्यास ठाम नकार देते. एखाद्या सामान्य लेखकाने या म्हाताऱ्याला खलनायक करून टाकले असते, प्रेक्षकांनी त्याला शिव्या दिल्या असत्या आणि विषय तेथेच संपला असता. येथे मात्र काकासाहेबांना स्वतःच्या अपराधाची जाणीव हळूहळू होत जाते. त्यांची समाजकार्य करणारी मुलगी वडिलांच्या नव्हे, तर या नव्या सावत्र आईच्या बाजूने उभी राहते. नीरेचा नकार जितका खरा वाटतो, तितकेच काकासाहेबांचे खचणेही खरे वाटते, आणि प्रेक्षकाला दोघांच्याही मनात शिरावे लागते. शांता आपटे आणि केशवराव दाते यांचा अभिनय थोर होताच. परंतु अभिनेत्याला आत उतरण्यासाठी आधी कोणीतरी विहीर खणलेली असावी लागते.

प्रभातच्याच ‘संत तुकाराम’ची कीर्ती तर व्हेनिसपर्यंत पोहोचली. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा सर्वांच्या स्मरणात आहे, पण मला त्या चित्रपटाचा खरा कणा शिवराम वाशीकरांच्या लेखनातली जिजाई वाटते. नवरा विठ्ठलात रंगलेला, घरात दाणा नाही, पोर आजारी. अशा वेळी ती चिडून देवळात जाते आणि पायातली वहाण काढून थेट पांडुरंगालाच जाब विचारते. तिच्या त्राग्याशिवाय तुकोबांची भक्ती केवळ आरतीसारखी ऐकू आली असती. ‘आधी बीज एकले’ ही त्यातली रचना आजही अनेक जण तुकोबांचाच अभंग समजून म्हणतात. ती शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी लिहिली आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या संतकवीच्या वाणीत आपली ओळ बेमालूम मिसळणे, ही लेखणीची केवढी मोठी साधना म्हणायची!

कोल्हापुरातच हंस पिक्चर्स या चित्रपट कंपनीसाठी वि. स. खांडेकरांनी ‘छाया’ची कथा लिहिली आणि आचार्य अत्र्यांनी ‘ब्रह्मचारी’. पुढे ज्ञानपीठ मिळवणारा कादंबरीकार आणि मराठी विनोदाचा सम्राट हे दोघेही एकाच कंपनीसाठी लिहीत होते. त्या काळी निर्माते साहित्यिकाच्या दारात जात होते, हे आज मुद्दाम सांगावे लागते.

थोडे अलीकडे येऊन ‘पिंजरा’विषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण रचना कशाला म्हणतात हे समजून घ्यायचे असेल तर १९७२ च्या या चित्रपटासारखे दुसरे उदाहरण मराठीत शोधावे लागेल. गावाला वळण लावणारा आदर्श शिक्षक तमाशाला विरोध करतो आणि त्याच तमाशातल्या चंद्रकलेच्या मोहात पडतो, हे कथासूत्र परदेशी चित्रपटावरून सुचलेले आहे आणि तसे ते जुनेच आहे. खरी करामत पुढे आहे. एका मृतदेहाला गाव मास्तरांचा देह समजते, मास्तर देवपदाला पोहोचतात, आणि जिवंत माणूस तमाशाच्या फडात ओळख हरवून जगत राहतो. अखेर त्याच्यावरच मास्तरांच्या खुनाचा आरोप येतो. आपण कोण आहोत हे सांगितले तर जीव वाचेल, पण गावाने ज्या मास्तरांकडे पाहून दारू सोडली, भांडणे सोडली, ते मास्तर कायमचे मरतील. आणि तो गप्प राहण्याचा मार्ग पत्करतो. या शेवटाकडे मागे वळून पाहिले तर पहिल्या प्रसंगापासूनचा प्रत्येक प्रसंग त्याच दिशेने चाललेला होता, हे लक्षात येते. श्रीराम लागूंचे मौन प्रभावी ठरते, कारण त्या मौनाची किंमत पटकथेने आधी दोन तास वाढवत नेलेली असते. संवाद आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचे आणि गीते आपल्या जगदीश खेबुडकरांची. पाटलांच्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की हा लेखक गावातल्या माणसाला बोलते करताना त्याची थट्टाही करतो आणि त्याचा मानही राखतो. चित्रपटात उतरले ते हेच कान.

आता मालिकांकडे वळतो. येथे मी लेखकांना दोष देणार नाही, कारण मुळात हिशेबच असा आहे की त्यात कोणीही थकून जाईल. आठवड्याचे सहा दिवस चालणारी मालिका वर्षाला सुमारे ३०० भाग मागते. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून २२ मिनिटे धरली, तर वर्षभरात ११० तासांचे लेखन होते, म्हणजे दोन तासांचे पन्नासहून अधिक चित्रपट. एवढे लेखन जगातला कोणताही एक लेखक उत्तम करू शकणार नाही, म्हणून काम वाटले जाते: कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. ही वाटणी चुकीची नाही. अडचण अशी होते की दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि ते पडले की कथेची दिशा बदलण्याचा निरोप येतो. महिनाभर जपलेली नायिका एका रात्रीत संशयी होते, मेलेला माणूस परत येतो, कोणाची तरी स्मृती जाते. प्रेक्षक हे पाहतो, पण त्याचा विश्वास उडतो. आणि एकदा पात्रावरचा विश्वास उडाला की कितीही महागडे चित्रीकरण तो परत आणू शकत नाही. लांबी हाच दोष आहे, असे मात्र मला वाटत नाही. १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली ‘हम लोग’ दीडशेहून अधिक भाग चालली आणि मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली. त्यांना आपल्या कथेतल्या घरातली माणसे ठाऊक होती, त्यामुळे प्रसंग बाहेरून आणावे लागले नाहीत. ते त्या माणसांच्या स्वभावातून निघत राहिले.

कोल्हापूर परिसरात चित्रित होणाऱ्या मालिका आम्ही येथील लोक कौतुकाने पाहतो, आणि तेथेच मन खट्टू होते. प्रत्येक वाक्याला ‘लई भारी’ किंवा ‘नाद खुळा’ जोडले की भाषा कोल्हापुरी झाली, असे समजून संवाद लिहिले जातात. आमच्याकडच्या कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी गेलो होतो’ असे सहज म्हणतात. थोरल्याशी बोलताना, पोराला दटावताना आणि बाजारात भाव करताना एकाच बाईच्या बोलण्याची चाल तीन प्रकारची असते. हे टिपायला गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभे राहून ऐकावे लागते, आणि त्यासाठी वेळ लागतो. उद्याच्या चित्रीकरणाचे संवाद आज रात्री लिहिणाऱ्या माणसाकडे तो वेळ नसतो.

चांगला नट दुबळे लेखन सावरून नेतो, असे नेहमी ऐकू येते. एखादा प्रसंग तो सावरतो, हे खरे आहे. पण आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ घ्या. अतुल कुलकर्णी यांनी पैलवान आणि नाच्या या दोन्ही टोकांसाठी शरीर घडवले, ते डोळे दिपवणारे होते. तरीही गुणा कागलकर मनात राहतो तो कलेच्या ओढीपायी त्याला घरात आणि समाजात जे सोसावे लागते त्यामुळे, आणि ते सोसणे कागलच्या यादवांनी कागदावर आधीच लिहून ठेवले होते.

म्हणून मोरेवाडीच्या चित्रनगरीत नवी चित्रीकरणस्थळे उभी राहताना पाहून आनंद होतो आणि एक मागणीही करावीशी वाटते. तेथे लेखकांसाठी काही खोल्या असाव्यात, निवडलेल्या तरुण लेखकांना सहा महिन्यांचे मानधन मिळावे आणि त्या काळात त्यांच्याकडून फक्त एक पूर्ण पटकथा अपेक्षित असावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या स्वामित्वधनाची तरतूद आली, पण करारावर सही करताना आपला हक्क कोणता हे नव्या लेखकाला समजावून सांगणारे कोणी जवळ नसते. ते कामही तेथे व्हावे. शिवाय करवीर नगर वाचन मंदिरात खांडेकरांच्या कादंबऱ्या वाचकाला मिळतात, तशाच येथे घडलेल्या चित्रपटांच्या पटकथाही मिळायला हव्यात. ज्या कुटुंबांकडे आणि संस्थांकडे त्यांच्या प्रती असतील, त्यांनी त्या छापण्यासाठी किंवा निदान प्रत काढून ठेवण्यासाठी द्याव्यात, ही माझी मनापासूनची विनंती आहे. भालजी पेंढारकर आपल्या चित्रपटांच्या कथा-पटकथा स्वतः लिहीत असत. प्रसंग ते कोठे तोडत आणि कोठे ताणत, हे त्यांच्या जयप्रभा स्टुडिओच्या भिंतीकडे पाहून नव्या मुलांना शिकता येणार नाही. त्यांच्या हाती ती पाने द्यावी लागतील.