मांजारे

आमच्याकडे जेवायला चला असं कुणी म्हणत नाही, ताटं घेतली की आतून हाक येते, मांजारे! नवीन पाहुणा असला तर हमखास पायाखाली बघतो. माझ्या बायकोने तर लग्नानंतर आठवडाभर दूध झाकून वर फडताळात ठेवलं होतं, घरात मांजर आहे समजून.

शब्द इटालियन आहे, अर्थ खाणे. माणगाव तालुक्यातल्या आमच्या घरात तो आणला आजोबांनी. ते मराठा लाइट इन्फंट्रीत, १/५ पलटण, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची पहिली. बेळगावला ट्रेनिंग झालं, मग मुंबईहून बोट, आणि १९४३ च्या सप्टेंबरात आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर इटलीत तारांतोला उतरले. मेडलं कुठे गेली माहीत नाही, ट्रंक आहे पण तिच्यात आता कुळीथ असतात. टिकला तो हा एवढा शब्द.

लढाईचं मात्र ते काही सांगायचे नाहीत. माणगावला यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तोही इटलीतच, १० जुलै १९४४ ला ते पडले तेव्हाचा, पण ती ३/५ पलटण, आजोबांची नव्हे. आजोबांच्या पलटणीत नामदेव जाधव होते. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणलं आणि परत एकटे मशीनगनवर चालून गेले. हे सगळं मी नंतर वाचलं बरं का. आजोबांना विचारलं की आजोबा, नदी कशी होती हो, तर म्हणायचे, गार.

मांजराची गोष्ट मात्र शंभरदा सांगायचे, आणि आम्ही शंभरदा हसायचो. कुठल्याशा गावात मुक्काम होता, पाऊस, चिखल, लंगर म्हणजे पलटणीचा भटारखाना लागलेला, तर संध्याकाळी चारपाच पोरं आली आणि मांजारे मांजारे करायला लागली. आजोबांना वाटलं यांचं मांजर हरवलंय. म्हणून हा शहाणा माणूस बॅटरी घेऊन लाकडांच्या ढिगामागे मांजर शोधतोय आणि पोरं आपली त्याच्या मागेमागे! शेवटी लांगरी ओरडला, अरे येड्या, त्यांना रोटी पायजे.

इथे आम्ही लोळायचो हसून.

पोरांच्या हातात रिकामे डबे होते हेही ते दरवेळी सांगायचे, अगदी कसले डबे ते सुद्धा, बिस्किटांचे, तारेची कडी लावलेले. आम्हाला त्यात काय, आम्ही मांजराची वाट बघत असायचो. आता माझी पोरगी भूक लागली म्हणून ओट्याशी मांजारे मांजारे करत नाचते तेव्हा मला ते डबे दिसतात, म्हणजे हसूच येतं आधी, पण मग दिसतात.

अजून एक. रात्री भाकऱ्या झाल्या की आजोबा आजीला न चुकता सांगायचे, एक ठेव गं मांजराला. आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं. आजीही ठेवायची, काही न विचारता, आणि सकाळी ती म्हशीला घालायची.