‘त्रिंकोमाली’ रंगवताना : सगळं अडलं ते पिछाडीपाशी

जुन्या शिडाच्या जहाजाचं तैलचित्र करते म्हटलं की लोक समुद्राबद्दल विचारतात. लाटा कशा जमतात, पाणी पारदर्शक कसं दिसतं वगैरे. समुद्र सरावाने जमतो. अडतं ते कागदपत्रांपाशी, आणि माझं अडलं ते आठवलं की अजून डोकं तापतं.

‘त्रिंकोमाली’ ही मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली फ्रिगेट, म्हणजे तोफा असलेली वेगवान युद्धनौका. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली आणि ३० एप्रिल १८१९ ला पोर्ट्समथला पोचली. मला हाच पहिला प्रवास हवा होता, तोही मागून, तिरक्या कोनातून, म्हणजे पिछाडीच्या खिडक्या आणि नक्षी अगदी पुढ्यात. जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलंय. मग फोटो बघून काढ की, असं पुष्कळांनी सुचवलं. पण १८४५ मध्ये तिच्या तोफा बदलल्या आणि पिछाडीचा आकारही बदलला. आजचा फोटो १८१९ च्या चित्राला कसा चालेल? तिच्याच वर्गातलं, म्हणजे त्याच आराखड्यावरचं ‘युनिकॉर्न’ स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे, पण ते पाण्यात उतरलं १८२४ मध्ये, बांधणीत सुधारणा होऊन. म्हणजे बांधणीचा मूळ नकाशाच हवा.

तो एका अभिलेखागाराकडून मागवायचा होता. अर्जात नकाशाचा क्रमांक सक्तीचा, आणि सूचीत एकाच जहाजाच्या नावाखाली कितीतरी नोंदी, बऱ्याचशा वर्षाशिवाय. क्रमांक कळायला नकाशा बघायला हवा आणि नकाशा बघायला क्रमांक हवा! मी जहाज, साल, कुठला भाग हवा, सगळं स्वच्छ लिहून पाठवलं. आठवडे गेले. मग पैसे भरा असा निरोप, मग पुन्हा शांतता. शेवटी जी प्रत आली ती करड्या रंगात. पिछाडीपाशी एकावर एक दोन वक्ररेषा, दोन्ही सारख्याच राखाडी. जुन्या नौदलाच्या नकाशांवर नंतरचे फेरफार बहुधा वेगळ्या शाईने, पुष्कळदा लाल, काढलेले असतात. रंग गेला की मूळ कोणतं आणि बदल कोणता हे कळायला वाव नाही. रंगीत प्रत मागितली, तर उत्तर आलं की रेषा सगळ्या स्पष्ट दिसताहेत. दिसत होत्याच! त्यातली १८१७ ची कुठली, एवढंच तर मला हवं होतं. तोवर ताणलेला कॅनव्हास भिंतीला टेकून होता आणि मी दुसरं काही हातात घ्यायला तयार नव्हते. चिकाटीने लिहीत राहिले. कधीतरी माझं पत्र जाणत्या माणसाच्या टेबलावर पडलं असावं, कारण एका सकाळी रंगीत प्रत आली. बाहेरची रेषा काळी, आतली लाल. इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी जेवणाचंही भान नव्हतं.

तेव्हा मागणीत पहिल्याच ओळीत ‘रंगीत, पूर्ण आकाराची प्रत’ असं लिहा, आणि बाजूचा, वरचा व आडव्या छेदांचा असे तिन्ही नकाशे एकदमच मागा. एकट्या बाजूच्या नकाशावरून कोनातलं जहाज उभं राहत नाही.

पुढचं भराभर झालं. बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची तीच क्षितिजाची उंची, हे आधी पक्कं केलं. छेद एकामागे एक मांडले, वाऱ्याने जहाज कलतं तेवढं कलवलं. वारा मात्र एकदाच ठरवायचा आणि शिडं, निशाण, लाटा सगळ्यांनी त्याचंच ऐकायचं. आडव्या शिडांचं जहाज वाऱ्याच्या दिशेला साधारण सदुसष्ट अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. वारा पाठीमागून असेल तर निशाण पुढेच फडकायला हवं. ते मागे उडताना दिसलं की मला चित्र पुढे बघवत नाही.

रंगाचं सांगायचं तर आधी आकाश, मग समुद्र, मग जहाज. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे जवसाच्या तेलाने स्निग्ध. उलट केलंत तर पुढे तडे जातात. दोर शेवटी, खालचा रंग बोटाला चिकटेनासा झाल्यावरच. लांब केसांचा बारीक ब्रश, पातळ सायीसारखा वाहता रंग, मनगट काठीवर टेकवलेलं, आणि रेघ एका दमात. डोलकाठ्यांना ताणून धरणारे दोर डांबर लावलेले, म्हणून गडद. शिडं ओढायचे दोर तागाच्या फिकट रंगाचे. सगळेच काळे काढले की जहाजावर जाळं टाकल्यासारखं दिसतं.

आणि हो, कलवण्याआधी ताठ उभ्या जहाजाचं रेखाटन वेगळ्या कागदावर जपून ठेवा. पिछाडीच्या खिडक्या कललेल्या जहाजावर थेट आखायला गेलं की त्या एका ओळीत राहत नाहीत. मी माझ्या त्या ताठ रेखाटनावरूनच खिडकी न् खिडकी उतरवली, मूळ काळ्या रेषेला धरून.