आमची वाटचाल : सोडवता येणारं किचन

सांगलीत ‘मॉड्युलर किचन’ असं फारसं कुणी म्हणत नाही. ‘ट्रॉल्या बसवायच्यात’ म्हणतात, म्हणजे ओट्याखाली सरकते खण आणि कपाटं. फोन येतो, गिऱ्हाईक विचारतं, “ट्रॉल्यांचा काय भाव?” आणि मी एवढी वर्षं एकच उत्तर देतोय, “आधी ओटा बघू द्या.”

आमचे अण्णा सुतार. सागाची दारं, चौकटी, देव्हारे, पलंग. मी आयटीआय करून पुण्याला गेलो आणि चाकणकडच्या एका किचनच्या कारखान्यात सहा वर्षं काढली. २०१२ साली परत आलो ते डोक्यात एक खूळ घेऊनच. फळ्या कारखान्यात कापायच्या, कडा चिकटवायच्या, भोकं पाडायची, सपाट गठ्ठा पुठ्ठ्यात बांधायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन दोन दिवसांत जोडायचा. महिनाभर घरात भुसा नाही, मिस्त्रीच्या चहाची उस्तवार नाही आणि खर्चही आटोक्यात. कुपवाड एमआयडीसीत शेड भाड्यानं घेतली. फळ्या कापायचा जुना पॅनेल सॉ, कडेला पट्टी चिकटवायचा त्याहून जुना एज बँडर. पहिला डबा, म्हणजे ओट्याखालचं एक कपाट, जोडला तेव्हा अण्णांनी तो दोन्ही हातांनी गदागदा हलवला आणि म्हणाले, “ह्या खोक्याला किचन म्हणायचं व्हय?”

मी म्हटलं, “अण्णा, तुम्ही पलंग सुटाच देताय की. चार पाय, दोन पाट्या, बोल्ट. जिन्यातनं वर नेताना कोण अख्खा नेतंय?”

ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून शेडवर यायला लागले.

या सुट्या डब्याचं गणित मला अजूनही आवडतं. शीट २४४० बाय १२२० मिलिमीटरची, म्हणजे आपली आठ बाय चार. डब्याची उभी बाजू ७२० उंच आणि ५६० खोल धरली की लांबीत तीन, रुंदीत दोन, अशा सहा बाजू एका शीटमधून निघतात आणि उरलेल्या पट्ट्या वरच्या आडव्या दांड्यांना कामी येतात. बाजूच्या फळीला पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटरवर, ३२-३२ मिलिमीटरच्या अंतरानं ५ मिलिमीटरची भोकं. ही युरोपातली पद्धत आता जगभर चालते, त्यामुळे बिजागरी कुठल्याही कंपनीची आणा, त्याच भोकांत बसते. शटरला, म्हणजे दाराला, बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिलिमीटरचा खड्डा. आणि फळीला फळी जोडायला मिनीफिक्स: एका फळीत बोल्ट, दुसरीत गोल चकती. पेचकसानं चकती अर्ध्या फेऱ्याहून जरा जास्त फिरवली की बोल्टचं डोकं आत ओढलं जातं आणि सांधा आवळतो. उलटी फिरवली की सुटतो. खिळा नाही, फेव्हिकॉल नाही.

कागदावर सगळं झकास होतं. पहिलं मोठं काम विश्रामबागेतल्या एका फ्लॅटचं. सहाशे मिलिमीटर रुंदीचे सात डबे टेंपोत घालून थाटात गेलो आणि एकही डबा आत जाईना. ओटा बिल्डरनं आधीच घातलेला. वर ग्रॅनाइट, खाली कडप्पा आणि त्याला आधार म्हणून दर दोन-सव्वादोन फुटांवर उभे कडप्पे. मी मधली जागा पुढून मोजली होती, ती ६०५ होती. मागं भिंतीपाशी ती ५८८ भरली. कडप्पा लावणाऱ्यानं डोळ्यानं लावलेला, त्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की खाली खोकं येणार आहे. शिवाय ओटा ३२ इंचांचा. आमचं गणित ३४ इंचांवर बसवलेलं. ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटर. त्यातून ग्रॅनाइट आणि कडप्प्याची जाडी मिळून ४४ गेले आणि खालच्या पायांचे १०० गेले की बरोबर ७२० उरतात. ३२ इंचांच्या ओट्याखाली दोन इंच कमी. उंचीचं पाय कापून जमलं असतं, रुंदीचं कसं जमवणार? सात डबे परत शेडवर. त्या रात्री जेवलो नाही.

सकाळी अण्णा टेप, गुण्या आणि ओळंबा घेऊन माझ्याबरोबर त्या फ्लॅटवर आले. दोन कडप्प्यांमधला प्रत्येक गाळा चार ठिकाणी मोजला: पुढं वर, पुढं खाली, मागं वर, मागं खाली. मग कर्ण. मापं त्यांनी इंच आणि सुतात सांगायची, मी मिलिमीटर करून लिहायची. आठ सूत म्हणजे इंच, तेव्हा एक सूत तीन मिलिमीटरच्या थोडं वर. “सगळ्यात बारकं माप धर आणि त्यातनं दोन सूत सोड,” एवढंच त्यांचं शास्त्र. ते आजही आमच्या मापाच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. तयार डब्यांचा धंदा करायला निघालो होतो आणि कळलं की तयार असं काहीच नसतं. डबा कारखान्यात स्वस्त होतो तो सारखेपणामुळे, आणि घरं काही सारखी नसतात. आता आम्ही ३००, ४५०, ५०० आणि ६०० चेच डबे ठेवतो, उरलेली फट फिलर पट्टीनं झाकतो, आणि घर बांधणाऱ्याला आधीच हात जोडून सांगतो: उभे कडप्पे घालू नका, ओटा आमच्या डब्यांवर टेकवा.

हे पटवणं सोपं नव्हतं. ओटा खोक्यावर? त्यावर नारळ फोडला तर? शेंगदाणे कुटले तर? शेवटी शेडमध्येच तीन डबे मांडून वर ग्रॅनाइट टाकला आणि अण्णा चप्पल काढून त्यावर उभे राहायला लागले. पंच्याहत्तर किलोचा माणूस ओट्यावर उभा राहून चहा पितोय म्हटल्यावर बोलणं खुंटायचं.

भावाबद्दल थोडं लिहितो, कारण लोक इथंच फसतात. कोटेशन चौरस फुटानं येतं आणि आत काय धरलंय ते कळत नाही. बिजागरी, चॅनल (खण ज्यावर सरकतो ती पट्टी), टोपल्या वेगळ्या लावल्या की स्वस्त वाटणारं किचन महाग होतं. आम्ही डब्यामागे भाव देतो, आतल्या सामानासकट. पैसे कमी असतील तर शटरवर वाचवा. चकचकीत अ‍ॅक्रिलिकऐवजी साधं मॅट सनमायका घ्या, स्वयंपाकाला काही फरक पडत नाही. सगळ्या डब्यांत टोपल्या नकोत, दोन खण आणि एक फळी पुष्कळ होते. पण खालच्या डब्याच्या फळीवर, कडेच्या पट्टीवर आणि चॅनलवर वाचवू नका. कडेची पट्टी चारही बाजूंना लावली आहे का, हे बोट फिरवून बघा. बरेच जण दिसणाऱ्या एकाच कडेला लावतात आणि पाणी न दिसणाऱ्या कडेनं शिरतं.

एक गंमत. काही जण टोपल्या बघायला खिशात लोहचुंबक घेऊन येतात. चिकटला नाही म्हणजे ३०४ ग्रेडचं चांगलं स्टील, असा समज आहे. २०२ या हलक्या ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. गंज धरायचा तो वर्षभरानं सिंकखालीच धरतो. मी आता चुंबक बघून नुसता हसतो आणि बिलावर ग्रेड लिहून देतो.

२०१७ साली जीएसटी आला तेव्हा फर्निचरवर २८ टक्के लागले, नोव्हेंबरात १८ वर आले. मधले साडेचार महिने कसे काढले ते आमच्या घरातल्यांना विचारा.

मग २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४५ ची. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, सांगलीवाडी, सगळं पाण्याखाली. आमची शेड कुपवाडला, उंचावर, तिला काही झालं नाही. पण गावात आम्ही बसवलेली तेवीस किचनं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर मी एकेका घरी गेलो. चिखल काढायला बायका, पोरं, पाव्हणे सगळे लागलेले.

पार्टिकल बोर्डचे, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचे, डबे भिजवलेल्या बिस्किटासारखे झाले होते. १८ मिलिमीटरची फळी फुगलेली, मिनीफिक्सची चकती ओढली की भुशासकट हातात. मरीन प्लायचे, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचे, डबे मात्र उभे होते. या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, असं मी गिऱ्हाइकांना पाठ केल्यासारखं सांगायचो. त्याचा अर्थ काय हे मला त्या आठवड्यात दिसलं. त्यांचीही एमडीएफची (दाबलेल्या लाकडी लगद्याची) शटरं फुगली, चॅनल गाळानं जाम झाले, बिजागऱ्या गंजल्या. पण डबे धुऊन, सावलीत वाळवून परत वापरता आले.

गावभागातल्या एका काकूंनी मला काही विचारलं नाही. नुसतं फुगलेल्या डब्याकडं बोट दाखवलं. २०१५ साली याच ओट्यापाशी त्यांनी विचारलं होतं, “पाण्यात टिकेल ना?” आणि मी “हो” म्हणालो होतो. माझ्या मनात सांडलेलं पाणी होतं. त्यांच्या मनात नदी होती. २००५ चा पूर त्यांनी त्याच घरात बघितला होता. चूक माझी होती. त्या वर्षी ज्यांचे डबे गेले त्यांना आम्ही नवे दिले, फक्त मालाचे पैसे घेऊन, मजुरी नाही. कर्ज वाढलं. पार्टिकल बोर्ड तेव्हापासून ओट्याखाली बंद. वरच्या कपाटांना अजून वापरतो, तिथं त्याला तोड नाही आणि खिशालाही परवडतो.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला. कारागीर गावी गेले, अण्णा आणि मी दोघांनी शेड चालवली. डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया हे जोडायच्या फर्निचरचं दुकान उघडलं, मग लोक मोबाइलवर फोटो घेऊन यायला लागले, “अस्सं पाहिजे”. मला त्यांचा फायदाच झाला. जोडायचं फर्निचर म्हणजे तकलादू, हे निदान कुणी म्हणेनासं झालं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाऊस सुरू झाला. कोयना धरणातून विसर्ग वाढवणार अशी बातमी आली त्या सकाळी गावभागातल्या काकूंचा फोन. “तुझी ती खोकी सुटतात ना? मग सोडव.” एवढंच. मला हे सुचलं नव्हतं, खरं सांगतो. दोन टेंपो, सहा माणसं, चार्जिंगचे स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. त्यांचा ओटा उभ्या कडप्प्यांवरच होता, तो जागेवर राहिला. आधी शटरं उतरवली, मग ड्रॉवर, मग डबे ओढून चकत्या फिरवल्या. फळ्या जिन्यानं माडीवर. तासाभरात खाली फक्त ओटा आणि नळ. काकू वरच्या पायरीवर उभ्या राहून फळ्या मोजत होत्या, आमच्यावर विश्वास नसल्यासारख्या. रात्री नऊपर्यंत अकरा घरं झाली. बाराव्या घराच्या बोळात पाणी आलेलं होतं, परत फिरलो.

सोडवणं झालं झटपट, जोडताना मात्र फजिती झाली. घाईत फळ्यांवर पेन्सिलीनं नंबर टाकलेले, ते ओल्या हातांनी पुसले गेले. अकरा घरांपैकी तीन घरांची शटरं आमच्याच टेंपोत एकमेकांत मिसळली. सगळी पांढरीच. एका घरी दार लावलं तर दोन सूत खाली लोंबतंय, दुसऱ्या घरी मिटतच नाही. चार दिवस गेले त्यात. तेव्हापासून प्रत्येक फळीच्या मागच्या बाजूला आम्ही नंबर कोरतो: घर, डबा, बाजू. आणि सिंकच्या दाराच्या आत एक कागद, त्यावर कुठून सुरुवात करायची ते अण्णांच्या अक्षरात.

गेल्या महिन्यात मारुती चौकात एक किचन पूर्ण केलं. घरच्या सूनबाईंनी दारं दोनदा उघडझाप करून बघितली, कागद वाचला आणि म्हणाल्या, “मला जमेल का हे?” अण्णांनी त्यांच्या हातात पेचकस दिला आणि घड्याळाकडं बघत स्टुलावर बसले. पहिला डबा सोडवायला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्याला सात.